पहिली रुंदी

“माझी चड्डी कुठाय?”

हे तिसऱ्यांदा विचारत होते. मी ऐकू न आल्यासारखं करून चहा गाळत राहिले.

“अगं, तुला विचारतोय. पोहायची चड्डी. निळी.”

“मला काय माहीत? तुमच्या वस्तू तुम्ही सांभाळा.”

खरं म्हणजे ती मीच आदल्या दिवशी कपाटावरच्या पेटीत, जाड पांघरुणांच्या खाली दडपून ठेवली होती. पेटीपर्यंत यांचा उजवा हात पोचला असता, पण पेटी उतरवायला दोन हात लागतात आणि डावा गेल्या वर्षीपासून नुसता शोभेला आहे. एवढा सगळा विचार करूनच जागा निवडली होती. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बाईमाणूस नवऱ्याशी समोरासमोर भांडत नाही, हे असलंच काहीतरी करतं.

त्या दिवशी टँकवर पोहणाऱ्यांचा दिवस होता. टँक म्हणजे पालिकेचा पोहण्याचा तलाव, पण पाटी सोडली तर त्याला तलाव कोणी म्हणत नाही. मुलांच्या सुट्ट्या संपत आल्या की एका रविवारी हा दिवस होतो. या टँकमध्ये जे जे म्हणून कधी पोहायला शिकले ते सगळे येतात. पोरांच्या शर्यती होतात, मोठी माणसं फळीवरून उड्या मारतात, आणि ज्यांना उड्या झेपत नाहीत ते पोटं आत ओढून फोटो काढून घेतात. या सगळ्याच्या आधी मात्र एक रीत असते. उथळ बाजूला, या काठापासून त्या काठापर्यंत, एक माणूस एकटा पोहत जातो. त्याने पलीकडचा काठ हाताने शिवला की शिट्टी वाजते आणि दिवस सुरू होतो. याला पहिली रुंदी म्हणतात. टँक बांधून झाला तेव्हापासून पहिली रुंदी आमच्या यांची.

लांबी का नाही, रुंदीच का, असं मी एकदा विचारलं होतं. तर म्हणाले, “लांबी सगळ्यांना जमत नाही. पण रुंदी पार केल्याशिवाय माझ्या हाताखालून कोणी सुटलेलं नाही.”

गेल्या वर्षी हा दिवस तोंडावर आला असताना यांना झटका आला. डावी बाजू गेली. वाचा तेवढी वाचली, नाही तर आमच्या घरात काय शांतता नांदली असती. त्या वर्षी पहिली रुंदी झालीच नाही, कोणीतरी भाषण ठोकून दिवस सुरू केला म्हणे. यंदा महिनाभर आधीच बेडूक घरी आला.

बेडूक म्हणजे टँकवरचा आताचा मुख्य शिक्षक. पन्नाशीला टेकलेला, केस गेलेला, दोन मुलींचा बाप. त्याला आईवडिलांनी चांगलं चारचौघांसारखं नाव दिलेलं आहे. पण आमच्या यांना नावं लक्षात राहत नाहीत. पहिल्या दिवशी जो पाण्यात जसा दिसला तेच त्याचं नाव. कोणी बेडूक, कोणी कात्री, कोणी पंखा. यांना तपासायला येणारी डॉक्टरीण लहानपणी पहिल्याच दिवशी तळाला जाऊन बसली होती, म्हणून ती दगड. आज तिच्या दवाखान्यात बसायला जागा मिळत नाही. पण ती आमच्याकडे आली की हे पलंगावरून म्हणतात, “ये दगडा,” आणि ती निमूट यांचं ब्लड प्रेशर मोजते.

तर बेडूक आला, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग घसा खाकरून मुद्द्यावर आला.

“सर, यंदा तुमचा सत्कार करायचाय. काठावर मधोमध खुर्ची ठेवतो तुमच्यासाठी, छत्रीखाली. आणि तुमची परवानगी असेल तर... पहिली रुंदी मी करतो.”

“झालं तुझं?”

“हो सर.”

“रुंदी तुलाच द्यायचीय. पण ती खुर्चीत बसून देणार नाही. एकदा मी पार करतो, पलीकडचा काठ शिवतो. मग पुढच्या वर्षीपासून तुझी.”

बेडकाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

“सर, डॉक्टरांनी पाण्यात जायला...”

“दगडाचं काय ऐकतोस? तिला तरंगायला मी शिकवलं.”

बेडूक गेल्यावर मी तोंड सोडलं. वय झालं, अक्कल कुठे गेली, वर्षभर मी डोळ्यांत तेल घालून तुमचं करतेय ते याच्यासाठी का, माझ्या जिवाचा काही विचार आहे की नाही, सगळं बोलून झालं. यांनी ऐकून घेतलं आणि मग हळू आवाजात बोलले. यांचा हळू आवाज म्हणजे दुर्मीळच गोष्ट.

“मला मरायची घाई नाही गं. पण मी पाण्यातून शेवटचा बाहेर कधी आलो, तेच मला आठवत नाही. रोजच्यासारखा आलो असेन. टॉवेल घेतला असेन, पोरांवर ओरडलो असेन. हे शेवटचं, असं काही कळलंच नाही. सगळा जन्म त्यात गेला आणि त्याचा शेवट आठवत नाही, असं कसं चालेल?”

यावर मला उत्तर सुचलं नाही. महिनाभर सुचलं नाही, म्हणून मी चड्डी लपवली.

त्यात आदल्या संध्याकाळी मुलीचा फोन. ती दुसऱ्या शहरात असते.

“आई, बाबांना पाण्यात जाऊ दिलंस तर बघ. मी तुझ्याशी बोलणार नाही.”

“आणि नाही जाऊ दिलं तर ते माझ्याशी बोलणार नाहीत. तुम्ही बापलेक आपसात ठरवा आणि मला कळवा.”

मुलगी हसली नाही. मलाही हसायचं नव्हतं.

लग्न ठरलं तेव्हा माझ्या आत्याने विचारलं होतं, मुलगा करतो काय. पोहायला शिकवतो म्हटल्यावर म्हणाली, “ते ठीक आहे, पण काम काय करतो?” मलाही तेव्हा फारसं कळलं नव्हतं. घरात आले आणि कळलं. उशीला क्लोरीनचा वास, टॉवेलला क्लोरीनचा वास, डोक्यावरून हात फिरवावा तर केस काथ्यासारखे राठ. सकाळी मी उठायच्या आत हे टँकवर, दुपारी बायकांची बॅच, संध्याकाळी पुन्हा पोरं. आवाज तर असा, की घरात मीठ मागितलं तरी पलीकडच्या काठावर ऐकू जावं. शेजारच्या बाईंची पहिलं वर्षभर अशी समजूत होती की आमचं रोज जेवताना भांडण होतं. मला एकदा जिन्यात गाठून हळूच म्हणाल्या, काही लागलं तर दार वाजव. मी तिथेच पायरीवर बसून हसले होते.

उन्हाळ्यात आम्ही कधी कुठे गेलो नाही, कारण उन्हाळा म्हणजे यांचा हंगाम. सगळं जग फिरायला आणि आमच्या दोरीवर ओले टॉवेल. मुलगी चालायच्या आधी हातपाय मारून तरंगायला लागली. पाहुणे आले की हे छाती फुगवून ते सांगायचे, आणि तिला अजून चालता येत नाही म्हणून मी तिला कडेवर घेऊन हिंडायचे. चिडचिड व्हायची तेव्हा. आता मात्र दुपारची उन्हं दोरीवर पडली आणि दोरी टॉवेलांवाचून दिसली की मी खिडकी लावून घेते. वर्षभर तिथे फक्त माझे कपडे आणि यांचे पायजमे.

टँकवर यांचा नियम एकच. पाय टेकायचा नाही. उथळ बाजूला पाय खाली सोडला की तळ लागतो, आणि घाबरलेलं पोर पहिलं तेच करतं. हे काठावरून गरजायचे, “टेकलास? चल परत. पहिल्यापासून.” अर्ध्यात कोणी पाय टेकला किंवा कोणी मदतीला हात लावला, तर ती रुंदी धरायचीच नाही. पोरं रडायची, आया येऊन भांडायच्या. हे ढिम्म. मग एखाद्या दिवशी ते पोर काठ शिवायचं आणि हे काही न बोलता त्याला हाताला धरून वर ओढून घ्यायचे. घरी येऊन मला सांगायचे, “आज पंखा पार झाला,” आणि दोन घास जास्त जेवायचे.

मीही गेले होते शिकायला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, दुपारच्या बायकांच्या बॅचला. हौसेने गेले, खोटं कशाला बोलू. काठाच्या दांडीला धरून पाय मारले, मग दांडी सोडली, आणि एक दिवस रुंदीला निघाले. अर्ध्यात जीव घाबरला आणि पाय टेकला. काठावरून आवाज आला, “अहो बाई, परत जा. पहिल्यापासून.” सगळ्या बायकांदेखत मला बाई. मी तशीच पाण्यात उभी राहिले आणि म्हटलं, “बाई घरी चाललीय. जेवायचं तुमचं तुम्ही बघा.” आणि पायऱ्या चढून निघून आले. मागे बायका हसून हसून दांडीला लटकल्या होत्या म्हणे. हे संध्याकाळी मान खाली घालून आले. म्हणाले, “तिथे सगळ्यांना एकच नियम लावावा लागतो गं.” मी म्हटलं, “लावा की. पण मला त्यात धरू नका.” त्यानंतर मी कधी पाण्यात पाऊल टाकलं नाही आणि यांनीही कधी ये म्हटलं नाही. दोघांचं त्यावाचून बरं चाललं होतं.

तर ती चड्डी.

“नाही सापडत,” हे म्हणाले. आता आवाज चढणार म्हणून मी कंबर कसली. पण ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, “बरं. नाही तर नाही. शर्ट दे. पांढरा.”

मी शर्ट आणला. आधी डावी बाही, मग उजवी, हे आता आम्हा दोघांच्या अंगवळणी पडलेलं आहे. ते मुकाट हात पुढे करून बसले होते. मला वाटत होतं, भांडावं यांनी. भांडले असते तर मी दुपारपर्यंत पुरून उरले असते. पण यांच्या तोंडून इतकं सरळ ‘बरं’ मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि ते मला सहन होईना. दोन बटणं लावून झाली आणि माझा धीर सुटला. स्टूल ओढलं, वर चढले, पेटी खाली घेतली आणि पांघरुणं उपसून चड्डी त्यांच्या मांडीवर टाकली.

ते चड्डीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

“कुठे होती?”

“होती कुठेतरी. ऐका आता. दगडाला पाण्यात तुमच्या जवळ उभं करायचं. बेडकालाही. दम लागला की थांबायचं. कबूल?”

“कबूल. पण मला हात कोणी लावायचा नाही.”

मी लावलेली दोन बटणं पुन्हा काढली.

टँकवर पोचलो तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. कागदी पताका लावलेल्या, लाउडस्पीकर खरखरत होता, लहान पोरं टोप्या घालून रांगेत कुडकुडत होती. आम्ही फाटकातून आत आलो आणि ‘सर आले’ अशी कुजबुज काठाकाठाने पुढे गेली. पन्नाशीची माणसं ओल्या काठावरून पळत होती ती एकदम चालायला लागली. इथे पळणाऱ्याला कान धरून बाहेर काढलं जायचं, ते ती विसरली नव्हती.

छत्रीखाली खुर्ची मांडलेली होती, गादी वगैरे घालून. हे खुर्चीपर्यंत गेले, हातातली काठी तिच्यावर ठेवली, आणि माझ्याकडे वळून उभे राहिले. मी त्यांचा शर्ट काढला. डावा दंड किती वाळलाय हे घरी रोज बघते, पण उन्हात सगळ्यांसमोर तो वेगळाच दिसला. जवळच्या दोघातिघांनी नजर दुसरीकडे वळवली.

डॉक्टरीण पुढे आली. “सर, मी तुमची डॉक्टर म्हणून सांगते—”

“दगडा, पाण्यात उतर.”

तिने वरचा झगा काढला. आत पोहण्याचा पोशाख घालूनच आली होती. एवढी वर्षं ओळखते ती यांना.

बेडकाने धरून यांना पायऱ्यांवरून उतरवलं. एकेक पायरी करत कमरेच्या वर पाणी आलं तसे हे म्हणाले, “सोड.” त्याने सोडलं. आणि मी बघतच राहिले. पाण्यात यांचं लंगडणं दिसेना. खांदे सरळ झाले, मान वर आली. वर्षभर ज्या माणसाला मी पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर हलवत होते तो हा नव्हता. हा माझा नवरा होता, वर्षभर घरात नसलेला. मला रडू कोसळणार होतं, पण चारचौघांत मी रडत नाही.

मी काठावर बरोबर त्यांच्या समोर उभी होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि उताणे होऊन पाण्यावर पडले. उजवा हात डोक्यामागे गेला, पाणी ओढून कमरेशी आला, पुन्हा मागे गेला. तोच तो हात. मी सुरुवातीला काठावर बसून मुलीला दूध पाजताना ज्याच्याकडे बघत बसायचे तो. सगळा टँक चिडीचूप होता, फक्त त्या हाताचा आवाज येत होता.

पण हात एकच. एका बाजूने वल्हवलं की होडी वळते, तसे ते वळायला लागले. उताण्या माणसाला वर आभाळ दिसतं, काठ दिसत नाही. अर्ध्यापर्यंत गेले असतील नसतील, आणि तिथून हळूहळू गोल फिरून परत आमच्याच बाजूला यायला लागले. बेडकाने तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायचं कोणी? यांचा हात काठाला लागला. दांडी पकडून त्यांनी वर बघितलं, तर समोर मी.

“तू इकडे कशी आलीस?” ते धापा टाकत म्हणाले.

“मी जागची हललेच नाही.”

तोपर्यंत टाळ्या सुरू झाल्या होत्या. भल्या मनाने वाजवत होते बिचारे. यांनी मागे वळून पलीकडचा काठ बघितला आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं.

“टाळ्या बंद करा. निघालो तिथेच आलोय. दिसत नाही?”

टाळ्या थांबल्या.

“सर, रुंदीएवढं अंतर तर झालंच की,” बेडूक म्हणाला.

“पलीकडचा काठ शिवला का मी?”

“नाही सर.”

“मग?”

मी खाली वाकले आणि फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “बास झालं आता. चला वर.” ते दांडी धरून श्वास घेत होते. म्हणाले, “एकदाच. कुशीवर जातो. कुशीवर सरळ जाता येतं.” दम लागला की थांबायचं हे कबूल केलं होतं, त्याची आठवण करून द्यायला हवी होती. पण त्यांच्या डोळ्यांत अशी काही अजिजी होती की मी उठून मागे सरकले.

या वेळी ते उजव्या कुशीवर झाले. चांगला हात खाली, पुढे लांब करून पाणी ओढायचं, आणि पायाची कात्री. एकाच पायाची कात्री म्हणा. पण सरळ गेले. डोळे समोरच्या काठावर रोवलेले. डॉक्टरीण आणि बेडूक दोन्ही बाजूंना अंतर राखून पाण्यातून चालत होते. अर्धं झालं. अर्ध्याच्या पुढे गेले. आता हाताचा आवाज बदलला, पाणी ओढायच्या ऐवजी तो पाण्यावर आपटायला लागला. कंबर खाली जायला लागली. एकदा तोंड बुडालं, वर आलं, पुन्हा बुडालं.

आणि मग त्यांनी पाय टेकला.

छातीएवढ्या पाण्यात ते उभे होते. मध्याच्या थोडे पुढे, काठापासून लांब. मी यांना इतक्या वर्षांत तिथे मध्येच उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं. लाउडस्पीकरवालासुद्धा माईक खाली ठेवून उभा राहिला.

बेडूक पुढे सरकला.

“कोणी यायचं नाही.” आवाज फाटला होता, पण टँकभर गेला. बेडूक जागच्या जागी थांबला. डॉक्टरीण थांबली. काठावरून दोघंतिघं पाण्यात उतरायला वाकले होते, ते तसेच वाकलेले राहिले. एवढी मोठी माणसं, कोणी ऑफिस चालवतं, कोणी शाळा, आणि सगळी शिट्टी ऐकलेल्या पोरांसारखी गप्प. मला दिसत होतं, यांचा डावा गुडघा पाण्याखाली लटपटतोय, फरशीवर पाय सरकतोय. ओठ पांढरे पडले होते. ही सगळी यांची मुलं आहेत, आणि यांनी नको म्हटलं तर यांना डोळ्यांदेखत पडू देतील, हे मला तेव्हा स्वच्छ कळलं. यांचं न ऐकणारं तिथे कोणीच नव्हतं. मी सोडून.

चपला काढल्या. पर्स खुर्चीवर फेकली. अंगावरच्या कपड्यांनिशी पायऱ्या उतरले. पाणी इतकं गार होतं की श्वास अडकला. कपड्यांत हवा भरून ते फुगले आणि मला ढकलायला लागले. दोन्ही हातांनी ते दाबत, पाय घासत, मी मध्यापर्यंत गेले.

“तू कशाला आलीस?” हे म्हणाले. “तुला पोहता येत नाही.”

“तुम्हाला तरी कुठे येतंय आत्ता?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा आक्रसला, आणि मला वाटलं आता रडतील, पण ते हसले. हसताना पुन्हा पाणी तोंडात गेलं आणि खोकले.

“ही रुंदी धरता यायची नाही,” ते म्हणाले.

“नका धरू.”

“चालत जायचं म्हणजे...”

“मग उभे राहा इथेच. मीही राहते. पोरं गारठून गेलीत तिकडे, त्यांच्या शर्यती पुढच्या रविवारी घेतील.”

त्यांनी टोप्या घातलेल्या रांगेकडे बघितलं. मी त्यांचा डावा हात उचलून माझ्या खांद्यावर घेतला आणि कमरेला धरलं. आम्ही निघालो. पाण्यात ते हलके लागत होते, घरी लागतात त्यापेक्षा कितीतरी हलके. एकेक पाऊल. मी आमच्या पायांकडे बघत होते, म्हणून मला आधी कळलं नाही, पण पाणी चेहऱ्यावर उडायला लागलं तेव्हा दिसलं. त्यांचा उजवा हात चालूच होता. पुढे जायचा, पाणी ओढून मागे यायचा. त्याचा आता काही उपयोग नव्हता.

पलीकडचा काठ आला तसा त्यांनी हात लांब करून तो शिवला. मग तळवा तिथेच टेकवून उभे राहिले, कपाळ त्या हातावर ठेवून. त्यांची पाठ हलत होती. दमाने की कशाने, ते मी विचारलं नाही, आणि कधी विचारणारही नाही.

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणाला कळेना. बेडूक बाजूला येऊन उभा राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते.

“झाली सर रुंदी.”

“खोटं बोलू नकोस. चालत आलोय.” यांनी डोकं वर केलं. “पुढच्या वर्षी तू कर. नीट कर. आणि पोट कमी कर.”

“हो सर.”

शिट्टी वाजली. लाउडस्पीकर खरखरला, लहान मुलींची शर्यत पुकारली गेली, आणि आमच्या डोक्यावर काठाशी ओली पावलं थपथप येऊन उभी राहिली. मी वर बघितलं. सात-आठ वर्षांची एक मुलगी, टोपी कानावर आलेली, वाकून यांच्याकडे बघत होती.

“आजोबा, जरा सरका ना. मी इथून निघणारे.”

बेडकाने डोळे वटारले. “ए, तुला माहितीये का कोण आहेत ते—”

यांनी मान हलवून त्याला थांबवलं. दांडीला धरून, माझ्या खांद्यावरचा हात न काढता, ते बाजूला सरकले. मुलीला नीट जागा होईपर्यंत सरकले. आम्ही कोपऱ्यात जाऊन उभे राहिलो. माझे दात वाजायला लागले होते.

“थंडी वाजतेय?” त्यांनी विचारलं.

“वाजतेय.”

ते रांगेतल्या मुलींकडे बघत होते. मी पायऱ्यांकडे बघितलं आणि डॉक्टरीण टॉवेल घेऊन तिथे उभी असलेली मला दिसली.

“थोडं थांबू,” हे म्हणाले. “ही एक शर्यत होऊ दे.”

मी कपडे दोन्ही हातांनी खाली दाबून धरले आणि थांबले.